मोड ७ मधली मेनू-विंडो: बीबीसी मायक्रोवर ती लहान-मोठी कशी करायची

शाळेत असताना बीबीसी मायक्रो या संगणकावर लिहिलेला माझा पहिला मेनू उघडायचा झकास. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, वर शीर्षक. बंद केला की मात्र त्याच्याखालची यादी गायब आणि तिच्या जागी काळं भगदाड. १९८४ साली सुरू झालेल्या क्लास या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पातून ही यंत्रं देशभरच्या शाळांत आली होती. आमच्याकडे ती शाळेतल्या एकमेव एसी खोलीत होती. चपला बाहेर, एका मशीनला तिघं, आणि पाळी आठवड्यातून एकदा. भगदाडाचं सरांना विचारलं तर ते म्हणाले, "मग यादी पुन्हा छाप ना." मी छापली. पण विंडो कमी-जास्त रुंद करायची ठरवलं तेव्हा प्रत्येक वेळी सगळा पडदा पुन्हा छापताना मशीन आणि मी दोघंही थकलो.

तेव्हा कळलं नव्हतं ते असं: विंडो म्हणजे फक्त चार आकडे. डावी कड, खालची कड, उजवी कड, वरची कड. ते कधीही बदलता येतात. जपायचा ऐवज म्हणजे तिच्याखाली झाकला गेलेला मजकूर. तो नीट उचलून ठेवला की विंडो ताणणं, आवळणं, बंद करणं ही एकाच कामाची तीन नावं होतात.

खाली दिलंय ते मॉडेल बी साठी: ३२ के मेमरी, २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ प्रोसेसर. मशीन नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारा जेएसबीब हा एम्युलेटर (त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) पुरेसा आहे, सगळ्या ओळी त्यावर तशाच चालतात. जुनं मशीन माळ्यावरून काढलं असेल तर सुरू करण्याआधी वीजपुरवठ्याच्या डब्यातले फिल्टर कॅपॅसिटर बदलून घ्या. माझ्याकडे जुलैच्या एका दमट संध्याकाळी त्यातला एक फुटला आणि घरभर असा काही वास सुटला की शेजारच्या काकू गॅस बघायला आल्या. नवे कॅपॅसिटर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

एक सूचना लिखाणाबद्दल. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ओळी मी देवनागरीत, फोनवर एकमेकांना सांगतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन कीवर्ड. मेमरीतल्या घरांचे पत्तेही दशमानात दिलेत, सोळाच्या पाढ्यात (हेक्समध्ये) नाहीत.

मोड ७ च का

मोड म्हणजे पडदा वापरायची पद्धत. चित्रांच्या मोडमध्ये विंडो सुंदर दिसते, पण झाकलेला भाग ठेवायचा कुठे? मोड १ मध्ये एका अक्षराच्या घराला १६ बाइट लागतात. २० घरं रुंद आणि १० ओळी उंच तुकडा म्हणजे ३,२०० बाइट. डिस्क असलेल्या मशीनवर मोड १ मध्ये प्रोग्रॅमसाठी उरतात जेमतेम ५,८८८. निम्म्याहून जास्त जागा एका मेनूखाली गेली, तर मेनू दाखवणार कशासाठी?

मोड ७ हा टेलिटेक्स्टचा, म्हणजे टीव्हीवर मजकुराची पानं दाखवायच्या पद्धतीचा मोड. ४० गुणिले २५ घरं, प्रत्येक घराला एकच बाइट. सबंध पडदा हजार बाइटचा, ३१७४४ या पत्त्यापासून सुरू. डिस्क असूनही प्रोग्रॅमला २५,३४४ बाइट उरतात. त्यामुळे झाकलेला तुकडा तेवढाच कापून ठेवण्याची कारागिरी करायची गरज नाही. सगळा पडदाच उचलून ठेवा.

किंमत मोजावी लागते ती रंगांची. मोड ७ मध्ये रंग हा अक्षराचा गुण नसतो. रंगाचा संकेत स्वतः एक घर अडवून बसतो आणि त्या ओळीत त्याच्या उजवीकडच्या सगळ्यांना रंगवतो. विंडोची रचना ठरते ती यावरून.

एक ओळ जवळून

समजा डावी १०, वर ६, उजवी २४, खाली १०. म्हणजे रुंदी १५, उंची ५. आता सहाव्या ओळीची डावी कड पाहू. तिचा पत्ता ३१७४४ अधिक ६ गुणिले ४० अधिक १०, म्हणजे ३१९९४. तिच्या डावीकडच्या तीन घरांत हे जातं:

३१९९१ मध्ये १३२, म्हणजे निळा.
३१९९२ मध्ये १५७, म्हणजे आत्ता चालू असलेला रंग पार्श्वभूमीला लाव.
३१९९३ मध्ये १३५, म्हणजे इथून पुढे अक्षरं पांढरी.

१३२ चं घर जुन्याच पार्श्वभूमीवर रिकामं दिसतं, निळं सुरू होतं १५७ च्या घरापासून. उजवी कड ३२००८ वर. तिच्या पुढच्या घरात १५६, म्हणजे पार्श्वभूमी पुन्हा काळी, आणि त्याच्या पुढच्या ३२०१० या घरात मूळ मजकुराचा रंग. हा शेवटचा संकेत विसरलात तर विंडोच्या उजवीकडचा सगळा मजकूर पांढरा पडतो. तो पूर्वी पिवळा होता हे ओळीला आठवत नाही.

थोडक्यात, विंडो आतून कितीही रुंद असो, बाहेरून पाच घरं जास्त खाते. म्हणून डावी ३ च्या खाली जाऊ द्यायची नाही आणि उजवी ३७ च्या वर.

मूळ रंग शोधायला सुरुवातीला मी प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे तपासत असे. बेसिकमध्ये ते फार रेंगाळतं. आता एकच शिस्त पाळतो: मागच्या पडद्यावर एका ओळीला एकच रंग, आणि त्याचा संकेत शून्याव्या घरात. मग मूळ रंग म्हणजे उचलून ठेवलेल्या प्रतीतला त्या ओळीचा पहिला बाइट. तो १२९ ते १३५ मध्ये नसेल तर १३५ धरायचा.

पडदा उचलून ठेवणं

बेसिकच्या फॉर-नेक्स्टने हजार बाइट हलवले तर चहाचा घोट घेण्याइतका वेळ जातो. बीबीसी बेसिकमध्ये असेंब्लर (प्रोसेसरच्या स्वतःच्या सूचना लिहायची सोय) आतच बसवलेला आहे, तो वापरू. आधी जागा राखायची:

डिम प्रत १०२३
डिम कोड ५९

डिममधला आकडा हा शेवटचा क्रमांक असतो, म्हणून या अनुक्रमे १,०२४ आणि ६० बाइट झाल्या. पी टक्के बरोबर कोड असं ठरवून चौकोनी कंसात पहिलं रूटीन लिहा:

एलडीएक्स हॅश ०
.फेरी
एलडीए ३१७४४,एक्स : एसटीए प्रत,एक्स
एलडीए ३२०००,एक्स : एसटीए प्रत+२५६,एक्स
एलडीए ३२२५६,एक्स : एसटीए प्रत+५१२,एक्स
एलडीए ३२५१२,एक्स : एसटीए प्रत+७६८,एक्स
आयएनएक्स : बीएनई फेरी
आरटीएस

दुसरं रूटीन तंतोतंत असंच, फक्त एलडीए आणि एसटीएचे पत्ते उलटे: प्रतीतून उचल, पडद्यावर ठेव. प्रत्येकी ३० बाइट, म्हणून ६०. एक्स २५६ वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत चार बाइट हलतात. एका फेरीला प्रोसेसरच्या साधारण ४१ सायकल धरल्या तर सगळं काम पाच मिलिसेकंदांच्या आसपास संपतं. टीव्हीची एक फ्रेम २० मिलिसेकंदांची असते.

यातला एक खड्डा मला एम्युलेटरवर नव्हे, खऱ्या मशीनवर रात्री दीड वाजता सापडला. पूर्ण पडदा खालून वर सरकला की मशीन हजार बाइट हलवत बसत नाही, पडदा मेमरीत कुठून सुरू होतो तेवढंच बदलतं. मग ३१७४४ हे वरचं डावं घर राहत नाही आणि तुमची विंडो दोन तुकड्यांत भलतीकडेच उमटते. सर्वांत खालच्या ओळीच्या शेवटच्या घरात अक्षर छापलंत की हे आपोआप घडतं. म्हणून मागचा पडदा रंगवण्याआधी व्हीडीयू २६ (छपाईला पूर्ण पडदा परत देणारी कमांड) आणि सीएलएस (पडदा पुसणारी), आणि चोविसाव्या ओळीचं शेवटचं घर कायम मोकळं. टेक्स्ट विंडो (छपाई पडद्याच्या एका चौकोनातच ठेवणारी सोय) लावलेली असताना मात्र हा धोका नाही. तेव्हा मशीन बिचारं अक्षरं खरोखर एकेक करून सरकवतं.

चौकट काढणं

चल-राशींना नावं देताना जपून. वरच्या कडेला इंग्रजीत टॉप आणि रुंदीला विड्थ म्हणायचा मोह होतो. दोन्ही शब्द बेसिकने स्वतःसाठी राखलेले आहेत, आणि मोठ्या लिपीत लिहिलेत तर ओळ चूक म्हणून परत येते. मी लहान लिपीत मराठी नावं देतो: डावी, उजवी, वर, खाली. पुढे टक्क्याचं चिन्ह लावायचं, पूर्णांक असले की बेसिक जरा चपळ होतं.

चौकटीची प्रोसिजर अशी. वाय हा वर उणे १ पासून (ती शीर्षकाची ओळ) खालीपर्यंत फिरवायचा, आणि प्रत्येक ओळीत वरचे पाच संकेत प्रश्नचिन्हाने मेमरीत घालायचे:

ए = ३१७४४ + ४०*वाय + डावी
?(ए-३)=१३२ : ?(ए-२)=१५७ : ?(ए-१)=१३५
बी = ३१७४४ + ४०*वाय + उजवी
?(बी+१)=१५६ : ?(बी+२)=मूळ रंग

मग आतली जागा साफ करायची. इथे ऑपरेटिंग सिस्टिमची टेक्स्ट विंडो कामाला येते:

व्हीडीयू २८,डावी,खाली,उजवी,वर-१ : सीएलएस
प्रिंट लेफ्ट$(शीर्षक$,रुंदी-१);
व्हीडीयू २८,डावी,खाली,उजवी,वर

क्रम नीट बघा: डावी, मग खाली, मग उजवी, मग वर. वर आधी लिहिण्याची चूक प्रत्येकाकडून होते, आणि मशीन त्यावर कुरकुरही करत नाही. आकडे उलटे असतील तर कमांड गुपचूप दुर्लक्षित होते, आणि पुढचा सीएलएस अख्खा पडदा पुसून टाकतो.

यादी, आणि एक हक्काचं घर

उदाहरणासाठी चर्चगेट ते दादर ही नऊ स्टेशनं घेऊ: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. पडद्यावर ती रोमनमध्येच येणार. रोमनमध्ये सगळ्यांत लांब नाव मुंबई सेंट्रल, १४ अक्षरांचं. माझ्या जुन्या कॅसेटवरच्या लिस्टिंगमध्ये रुंदीची मर्यादा दोनने जास्त होती आणि ती का, हे मला बराच वेळ उमगेना. मग लक्षात आलं, त्यात एल्फिन्स्टन रोड होतं, १६ अक्षरांचं. २०१८ मध्ये स्टेशनचं प्रभादेवी झालं आणि माझी विंडो दोन घरं अरुंद झाली.

प्रत्येक नाव रुंदीपेक्षा एक घर कमी छापायचं. कारण दोन. विंडोच्या खालच्या उजव्या घरात अक्षर पडलं की आतला मजकूर एक ओळ वर सरकतो आणि पहिलं स्टेशन नाहीसं होतं. शिवाय ते शेवटचं घर आपल्याला खुणेसाठी हवंय. नाव बसत नसेल तर त्याचं शेवटचं दिसणारं अक्षर कापून टिंब द्या. बसत असेल तर उरलेली जागा मोकळ्या घरांनी भरा, म्हणजे मागचं लांब नाव डोकावत नाही. प्रिंटच्या शेवटी अर्धविराम हवाच.

खुणा अशा: वर आणखी स्टेशनं दडली असतील तर पहिल्या ओळीच्या उजव्या घरात ९४, म्हणजे वरचा बाण. खाली दडली असतील तर शेवटच्या ओळीत ११८. मोड ७ च्या अक्षरसंचात डावा, उजवा आणि वरचा बाण आहे, खालचा नाही. ११८ म्हणजे लहान लिपीतलं व्ही, तेच बाण म्हणून खपवून घ्यायचं.

निवडलेली ओळ दाखवायला इतर मोडसारखे रंग उलटे करायची सोय नाही, पण त्याहून स्वस्त युक्ती आहे. प्रत्येक ओळीत डावीच्या आधीच्या घरात १३५ बसलेला आहे ना? निवडलेल्या ओळीत तिथे १३१ घाला, ओळ पिवळी. निवड खाली सरकली की जुन्या घरात १३५, नव्यात १३१. दोन बाइट, काही छापायचं नाही.

कळा

बाणाच्या कळा एरवी संपादनासाठी राखलेल्या असतात. स्टारएफएक्स ४,१ (ऑपरेटिंग सिस्टिमची कमांड) दिलं की त्या गेटला, म्हणजे बेसिकच्या कळ वाचणाऱ्या शब्दाला, आकडे देतात: डावा १३६, उजवा १३७, खालचा १३८, वरचा १३९. वर-खाली बाणांनी निवड हलवायची. आकारासाठी मी खेळांतल्या जुन्या कळा घेतो: झेड अरुंद, एक्स रुंद, कोलन एक ओळ कमी, तिरकी रेघ एक ओळ जास्त. आकड्यांत ९०, ८८, ५८, ४७. चल-राशींसाठी कॅप्स लॉक काढलेला असेल तर झेड १२२ होऊन येतो, म्हणून आकडा ९७ ते १२२ मध्ये असेल तर ३२ वजा करून घ्या. रिटर्न १३.

स्टारची कमांड ओळीत नेहमी शेवटी, कारण तिच्यापुढचं सगळं ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःचंच समजते.

प्रत्येक कळेनंतर, मग ती निवडीची असो वा आकाराची, एकच दुरुस्तीची प्रोसिजर चालवायची. पहिली म्हणजे विंडोत सर्वांत वर दिसणाऱ्या स्टेशनचा क्रमांक, शून्यापासून:

इफ निवड < पहिली देन पहिली = निवड
इफ निवड > पहिली+उंची-१ देन पहिली = निवड-उंची+१
इफ पहिली+उंची > ९ देन पहिली = ९-उंची

तिसरी ओळ लोक गाळतात. दादरवर उभं राहून विंडो मोठी केली की चूक दिसते: दादरच्या खाली रिकाम्या ओळी आणि वर स्टेशनं अजून दडलेलीच. उंची २ ते ९ च्या बाहेर जाऊ दिली नाही, तर इथे आणखी काही तपासावं लागत नाही. खाली २३ च्या पुढे आणि रुंदी ८ च्या आत जाणार नाही एवढं आकार बदलण्याआधीच बघा. मर्यादेला टेकलं की व्हीडीयू ७, एक बीप. घरात कोणी झोपलं असेल तर तीही नको.

मोठी करणं सोपं, लहान करणं अवघड

विंडो मोठी होत असेल तर मागचं काही परत आणावं लागत नाही. नवी चौकट जुनीच्या वर बसते, जुने १५६ आणि रंगसंकेत आपोआप झाकले जातात. लहान होताना मात्र उघडा पडलेला भाग भरून द्यावा लागतो. पहिल्यांदा लिहिताना सरळ रस्ता धरा: प्रत पडद्यावर ठेवा, आकडे बदला, चौकट पुन्हा काढा. प्रत ठेवायच्या आधी स्टारएफएक्स १९ दिलंत की टीव्हीच्या फ्रेमची वाट पाहिली जाते. तरी चौकट बेसिकने काढायची असल्याने थोडी लुकलुक उरतेच.

ती डोळ्यांत खुपली तर नेमकं तेवढंच परत आणा. रुंदी एकने कमी झाली तर प्रत्येक ओळीत उघडं पडतं फक्त एक घर, नव्या उजवीपासून तिसरं. चौकटीच्याच फेरीत त्याचा बाइट प्रतीतून भरा:

?(बी+३) = ?(प्रत + ४०*वाय + उजवी + ३)

उंची एकने कमी झाली तर जुन्या खालीची अख्खी ओळ, ४० बाइट. उद्गारचिन्हाने एकदम चार बाइट हलतात, म्हणजे दहा फेऱ्या. हे केल्यावर लुकलुक बरीच कमी होते. पण सरळ रस्ता चालल्याशिवाय या गल्लीत शिरू नका. दोन्ही चुका एकाच वेळी शोधत बसावं लागतं.

एक्स दाबून धरला की कळा रांगेत साठतात आणि बोट उचलल्यावरही विंडो फुगत राहते. चित्र पूर्ण झालं की स्टारएफएक्स २१,० देऊन रांग रिकामी करा.

बाहेर पडताना

रिटर्न मिळाला की व्हीडीयू २६, दुसरं रूटीन, स्टारएफएक्स ४,० आणि लपवलेला कर्सर परत: व्हीडीयू २३,१,१;०;०;०; असं. लपवताना दुसऱ्या एकाच्या जागी शून्य. हेच सगळं ऑन एररच्या (चूक झाली किंवा एस्केप दाबला की चालणाऱ्या) प्रोसिजरमध्येही घाला. मी घातलं नव्हतं. एस्केप दाबला, लिस्ट दिली, तर सगळं लिस्टिंग १५ घरांच्या निळ्या पट्टीत सरकू लागलं. आणि ओळ दुरुस्त करायला वरचा बाण दाबावा तर तो आता संपादनाचा राहिलाच नव्हता.

मेनूतून पोटमेनू उघडायचा असेल तर प्रत्येकासाठी वेगळी प्रत: डिमने तीन-चार जागा राखा आणि रूटीनला दर वेळी नवा पत्ता लावून ते पुन्हा असेंबल करा. उघडायचा क्रम काहीही असो, बंद करायचा तो शेवटचा आधी. डबेवाल्याच्या डब्यासारखं, खालचा पुडा काढायचा तर वरचा आधी उतरवावा लागतो.